सॉस न घातलेलं रेअरबिट

मीराचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात टेबलावरच जेवत होतो. फेब्रुवारीतला मंगळवार, खिडकीबाहेर मँचेस्टरचं नेहमीचं राखाडी आभाळ. "सुधीरकाका, आई गेली," ती म्हणाली, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" "काका... शी डाइड. आज मॉर्निंगला. बाबा चहा करत होता आणि आई जिन्यावर बसली, अँड दॅट वॉज इट." मी काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही. आता जे लिहितोय त्याची लाज वाटते, पण ते वगळलं तर पुढचं काहीच खरं राहणार नाही. फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. आता कुसुमताईंना तोंड दाखवावं लागणार नाही, असं वाटलं... क्षणभरच, पण वाटलं. मग कोट चढवून बाहेर पडलो आणि ऑक्सफर्ड रोडवरून नुसता चालत राहिलो.

कुसुमताई माझ्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. एक्क्याऐंशी साली मी पुण्याहून लंडनला नोकरीला आलो तेव्हा ओळखीच्या ओळखीतून स्टॅनमोरच्या त्यांच्या घरात पोचलो आणि जिन्यावरच्या छोट्या खोलीत आठ महिने राहिलो. मग मँचेस्टरला नोकरी मिळाली आणि मी तिकडे गेलो, तरी माझं घर म्हणजे तेच राहिलं. वसंतराव, त्यांचे यजमान, कौन्सिलमध्ये ड्राफ्ट्समन. चार शब्दांची गरज असेल तिथे दोनात भागवणारे. ताईंचं सगळं उलटं. हॅरोच्या एका मोठ्या दुकानात कपडे लहानमोठे करून देण्याच्या विभागात त्या काम करत, आणि कुठल्या साहेबाची कंबर किती इंच वाढली ते संध्याकाळी आम्हाला कळे. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. आमच्या दोघांतला गोष्टी पोटात ठेवू शकणारा माणूस मी होतो. त्या वेळी मी याला गुण समजत असे.

एक गोष्ट मात्र त्यांनी फारशी कुणाला सांगितली नव्हती. लग्नानंतर इकडे यायला निघाल्या तेव्हा विमानतळावर त्यांची आई त्यांना म्हणाली होती, "पँट घाल, नोकरी कर, काय वाट्टेल ते कर. फक्त मासमच्छी तोंडात पडू देऊ नकोस." ताईंनी हो म्हटलं. दुसऱ्याच वर्षी आई गेली. मीरा पोटात होती, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, आणि ताईंना जाता आलं नाही. एकदा इस्त्री करता करता त्यांनी मला हे सांगितलं आणि वर म्हणाल्या, "देवाधर्माचं काही नाही रे माझं. पण आईला दिलेलं एवढं एकच उरलंय माझ्याकडे." बाकी सगळ्या गोष्टींवर विनोद करणाऱ्या या बाईने त्यावर विनोद केला नाही, आणि मीही कधी केला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे शाकाहारी माणसाने बाहेर जेवायचं म्हणजे चिप्स आणि उकडलेले वाटाणे. आम्ही बाहेरगावी निघालो की ताई पोळीभाजीचा डबा बांधून घेत आणि आम्ही गाडीच्या काचा वर करून आत खात असू. ब्याऐंशीच्या ईस्टरला आम्ही नॉर्थ वेल्समध्ये होतो. पाऊस, वारा, डबा सकाळीच संपलेला, मीरा रडवेली. एका लहानशा गावातल्या चहाच्या दुकानात शिरलो. मेन्यूवर सगळीकडे हॅम आणि स्टेक, आणि शेवटी वेल्श रेअरबिट. ताईंना नाव वाचूनच रॅबिटची, म्हणजे सशाची, शंका आली. वाढणारी म्हातारी हसली. "नो मीट, नो फिश, लव्ह. जस्ट चीज ऑन टोस्ट, बट प्रॉपर." मग ते आलं. जाड पावाचा भाजलेला तुकडा, त्यावर चीज, मोहरी आणि बिअर एकत्र शिजवून ओतलेली दाट पिवळी साय, वरून ग्रिलखाली धरून डाग पडेपर्यंत भाजलेली. कडेने बुडबुडे अजून फुटत होते. ताईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "अहो, हे आंबट-गोड-तिखट काय आहे आतमध्ये?" असं त्यांनी दोनदा विचारलं. वसंतराव म्हणाले, "बिअर असेल." ताई म्हणाल्या, "असू दे. आई बिअरबद्दल काही बोलली नव्हती."

तिथून त्यांना नाद लागला. रेअरबिट चांगलं कुठे मिळतं हा त्यांच्यासाठी देशाबद्दलचा महत्त्वाचा प्रश्न झाला. गाडीतल्या रोड अ‍ॅटलासवर त्या पेन्सिलीने खुणा करायच्या. मोटरवेवरची हॉटेलं बाद, कारण ती नुसतं चीज किसून टोस्ट ग्रिलखाली ढकलतात. जिथे वाढणारी बाई चाळिशीच्या आतली ते दुकान संशयास्पद. पाव आदल्या दिवशीचा हवा, साय कडेपर्यंत पोचलेली हवी, आणि बशी गरम हवी. वर अंडं घालून देतात त्याला त्या "फाजीलपणा" म्हणत. दर सुट्टीला कुठेतरी निघायचं, एखादा किल्ला नाहीतर बाग नावापुरती बघायची, आणि मग बाजारपेठेतल्या कुठल्याशा कॅफेत जाऊन बसायचं. मी मँचेस्टरहून ट्रेनने येऊन त्यांना गाठत असे. ती पहिली तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी मनापासून खाल्लं.

पंच्याऐंशी साली ते तिघं पहिल्यांदाच माझ्या मँचेस्टरच्या फ्लॅटवर राहायला येणार होते. ताईंना आपल्या हातचं रेअरबिट करून चकित करावं म्हणून मी ऑफिसातल्या एका बाईला कृती विचारली. ती म्हणाली, वूस्टर सॉस विसरू नकोस, सगळी गंमत त्यातच असते. मी बाटली आणली. स्वयंपाकघरात उभा राहून, काही काम नव्हतं म्हणून, लेबल वाचलं. व्हिनेगर, काकवी, चिंच... आणि अँचोव्ही. आपल्या मांदेलीच्या जातीतला बारका मासा. मुरवून, आंबवून त्यात घातलेला. मी ते तीनदा वाचलं. मग बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून खाली जाऊन मोठ्या कचरापेटीत टाकली, फ्लॅटमधल्या डब्यात ठेवायचाही धीर झाला नाही. त्या शनिवारी मी त्यांना पिठलंभात केला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सोपं होतं. "ताई, अजाणता झालंय, इथून पुढे सांभाळू," एवढंच. त्या रडल्या असत्या, आठ दिवस उपास केले असते, आणि सावरल्या असत्या. मी मिठाची गुळणी धरली. मनाची समजूत घातली की त्यांना त्रास कशाला द्यायचा, गुपचूप सांभाळून घेऊ. आणि मी सांभाळलं! अकरा वर्षं सांभाळलं. कुठल्याही कॅफेत शिरलो की, "तुम्ही बसा, मी ऑर्डर देऊन येतो," असं म्हणून काउंटरवर जायचो आणि हळूच सांगायचो, तीन सॉसशिवाय. टेबलावर ती बाटली असलीच तर कोट काढता काढता उचलून शेजारच्या टेबलावर ठेवायचो. काही ठिकाणी मिश्रण आधीच करून ठेवलेलं असे, तिथे परत येऊन "संपलंय म्हणे" असं खोटं सांगायचो. माझ्या बशीत मात्र सॉस असे. मी मासे खातो, मला कशाला अळणी? आणि ताईंना उष्टं चालत नसे, त्यामुळे त्या माझ्या बशीतला घास घेऊन बघतील अशी भीतीच नव्हती. त्यांच्यासमोर बसून मी ती चव खात होतो आणि त्या समोरच्या टोस्टकडे बघून म्हणत होत्या, "नाही रे... इट्स नॉट द सेम. काहीतरी राहतंय."

त्यांना वाटलं देशच बिघडला. पूर्वीच्या बायका राहिल्या नाहीत, आता सगळं पाकिटातलं घालतात, असा त्यांचा निष्कर्ष. त्या आणखी दूरची गावं शोधू लागल्या. श्रॉपशर झालं, यॉर्कशर झालं, पुन्हा दोनदा वेल्स झालं. त्या पहिल्या दुकानातही आम्ही परत गेलो. तीच म्हातारी होती. मी काउंटरवर गेलो, तिने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं, पण सांगितल्याप्रमाणे करून दिलं. ताईंनी अर्धं खाऊन सुरी ठेवली, आणि निघताना तिला म्हणाल्या, "यू हॅव चेंज्ड इट. यू शुड नॉट हॅव चेंज्ड इट." म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मी कोटाची बटणं लावत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटत होतं की आता ही बोलणार. तिने बशी उचलली आणि ती आत गेली. गाडीत बसल्यावर ताईंनी अ‍ॅटलास उघडून त्या गावावर काट मारली.

हे सगळं ताईंसाठी केलं असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. खरं तसं नाही. मी एकटा माणूस. मँचेस्टरात माझी संध्याकाळ म्हणजे टीव्ही आणि रेडिओ. त्या सहली हा माझा संसार होता. ताईंनी बाहेर खाणं सोडलं असतं तर पुन्हा डबा, पुन्हा गाडीच्या बंद काचा, आणि हळूहळू सहलीच बंद, अशी मला भीती होती. शिवाय, हेही सांगून टाकतो, मला त्या राखणदारीचा अभिमान वाटू लागला होता. त्यांच्या आईला दिलेला शब्द त्यांच्या नकळत मी पाळतोय, असली काहीतरी थोर कल्पना. कुणी नेमला होता मला?

शहाण्णवच्या सप्टेंबरात मीराला एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत सोडायला आम्ही चौघं गेलो. पोरीचं सामान हॉस्टेलच्या खोलीत लावून झालं, वसंतराव तिला ब्लँकेटं घ्यायला घेऊन गेले, आणि ताई नि मी कुठेतरी चहा घेऊ म्हणून निघालो. गाडी लावायला जागा मिळेना. "तू लावून ये, मी समोर बसते," असं म्हणून त्या कोपऱ्यावरच्या एका कॅफेसमोर उतरल्या. मला वीस मिनिटं लागली. शेवटी पळतच आलो. दारातूनच दिसलं की त्यांच्यासमोर बशी आहे. त्यांनी स्वतः ऑर्डर दिली होती. मला बघून त्यांनी हात उंच केला, लहान मुलगी शाळेत करते तसा. "सुधीर! अरे ये लवकर! मिळालं! सेम टू सेम! मी म्हणत होते ना तुम्हाला, तुम्ही कुणी ऐकत नव्हतात... मला वाटायला लागलं होतं माझीच जीभ गेली." त्यांचे डोळे भरले होते. अर्धं खाऊन झालं होतं आणि पुढचा तुकडा काट्यावर होता.

आणि मी तेव्हा बोललो. अकरा वर्षं गप्प बसून नेमका त्या घासाला बोललो. "ताई, ते खाऊ नका. त्यात मासे असतात."

त्यांनी काटा खाली ठेवला. मी भडाभडा सगळं सांगितलं. लेबल, अँचोव्ही, काउंटर, माझी सॉसवाली बशी. त्या ऐकत होत्या. मी संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पंच्याऐंशीपासून."

"म्हणजे मध्ये जे सगळं बेचव खाल्लं... ते तू करायला लावलंस?"

मी मान हलवली. मला वाटलं आता आईचं निघेल, पापाचं निघेल. त्या म्हणाल्या, "त्या वेल्सच्या बाईला मी काय काय बोलले रे. म्हातारी बाई. तिचं काही चुकलं नव्हतं." मग पर्स उचलली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शब्द मी दिला होता, सुधीर. पाळायचा की मोडायचा, मोडला तर काय करायचं, ते मी बघितलं असतं. तू मला विचारलं नाहीस." उरलेला अर्धा टोस्ट बशीतच राहिला. परतीच्या पूर्ण रस्त्यात त्या वसंतरावांशी ब्लँकेटांबद्दल बोलत होत्या.

त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं नाही, हे मुद्दाम लिहितो. टाकलं मी. त्यांचा दर रविवारचा फोन येत राहिला. मी तो लवकर आटपायचो. दिवाळीला बोलावलं, मी सर्दीचं निमित्त केलं. डिसेंबरात त्यांचा फोन आला. "ख्रिसमसला ऑफिस बंद ना? मग ये. दोन दिवस ये. एक गंमत आहे, फोनवर सांगणार नाही." तोंडात तीळ न भिजणारी ही बाई, आणि गंमत फोनवर सांगणार नाही! मला एवढंही सुचलं नाही की ती काय असेल. मला वाटलं, समोर बसवून आता त्या सगळं नीट काढणार. मी म्हणालो, सिस्टिम बदलायचं काम आहे, सुट्टीतच करावं लागतं, पुढच्या महिन्यात बघू. "बरं," त्या म्हणाल्या. "पण ये हं." काम काहीही नव्हतं. ख्रिसमसचा पूर्ण आठवडा मी फ्लॅटवर टिन्ड सूप पीत काढला. पुढच्या महिन्यात मी गेलो नाही.

क्रिमेटोरियममध्ये मी मागच्या रांगेत होतो. दुकानातल्या त्यांच्या मैत्रिणी आल्या होत्या, मंडळातले लोक होते, कुणी कुणी दोन शब्द बोललं. मीराने माझ्याकडे बघितलं, मी बोलावं म्हणून. मी उठलो नाही. काय बोलणार होतो? त्यानंतर तीन आठवड्यांनी वसंतरावांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. "रविवारी ये," म्हणाले. "काम आहे."

गेलो. मीरा एडिनबराहून आलेली होती. घर नेहमीसारखंच नीटनेटकं होतं, फक्त सगळं जरा जास्तच जागेवर. वसंतराव मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि फ्रिजमधून एक बाटली काढली. लोणच्याची जुनी बाटली, आत काळपट पातळ काहीतरी, तळाशी तीन बोटं. मीरा म्हणाली, "हा आईने बनवला, काका. तिने किती ट्राय केले! पूर्ण हाउसला व्हिनेगरचा वास." एडिनबराहून परत आल्यावर ताईंनी लायब्ररीतून पुस्तकं आणली होती. मासा सोडून त्या सॉसमध्ये जे जे असतं ते सगळं गोळा केलं होतं. चिंचेचा कोळ, गूळ, व्हिनेगर, लवंग, मिरी, आणि माशाच्या जागी हिंग, आंबवलेली उडदाची डाळ, आणखी काय काय. उकळायचं, मुरवायचं, टोस्टवर घालून बघायचं, ओतून द्यायचं. "सात वेळा केलं," वसंतराव म्हणाले. त्यांच्याकडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "दर रविवारी टोस्ट. सातवं तिला बरं वाटलं. पण म्हणायची, सुधीर खाऊन बघेपर्यंत काही खरं नाही. मूळ चव ओळखणारी माणसं दोनच, एक मी आणि एक तो. तो जिवावर उदार होऊन सगळीकडे खरं खात होता, त्याला नक्की कळेल."

"आई लाफ करायची हे बोलताना," मीरा म्हणाली. "ती अँग्री नव्हती, काका. ऑक्टोबरला होती. मग नव्हती."

मी खुर्ची ओढून बसलो. म्हणजे ख्रिसमसची गंमत ही होती. मला बसवून घेऊन माझ्या चुका काढायच्या नव्हत्या, माझ्यापुढे बशी ठेवायची होती आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचं होतं. मी केलेला गोंधळ त्यांनी स्वतः निस्तरला होता, आईचा शब्दही राखून, आणि त्यावर माझा फक्त एक होकार हवा होता. मी सूप पीत बसलो.

वसंतरावांनी कधी चहापलीकडे काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चीज किसलं, पातेल्यात बिअर ओतली, मोहरी घातली, बाटलीतला सॉस चमच्याने मोजून घातला. ताईंनी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं, बघून बघून लक्षात राहिलं म्हणाले. पाव एका बाजूने जरा करपला. बशी मात्र त्यांनी आधी गरम पाण्याखाली धरून घेतली. दोन टोस्ट माझ्यापुढे ठेवले आणि ते सिंककडे वळून पातेलं घासू लागले. मीरा दारात उभी होती.

मी घास घेतला. सांगायला नको, तीच चव होती. वेल्सची. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. उलट शेवटी हिंगाचा एक बारीकसा मागमूस राहत होता आणि तोही तिथे असायलाच हवा होता असं वाटत होतं. सगळा देश पालथा घातला आम्ही, आणि ते स्टॅनमोरच्या या स्वयंपाकघरात मिळत होतं, आणि मला बोलावणं होतं.

"वसंतराव," मी म्हणालो. "बरोबर जमलंय. अगदी तीच चव आहे."

त्यांनी पातेलं घासणं थांबवलं नाही. "मला काय सांगतोस," ते पाठमोरेच म्हणाले. रागाने नव्हे, अगदी साध्या आवाजात. "मला त्यातलं काही कळत नाही. तिला सांगायचं होतंस."

बशीत दुसरा टोस्ट होता. तोही मी खाल्ला, कारण तो माझ्यासाठी केलेला होता.